राज्य देणारा आणि ऐकून घेणारी

हस्तिनापूरच्या रंगभूमीवर कृपाचार्यांनी कर्णाला त्याचं कुळ विचारलं, तेव्हा त्याची मान खाली गेली. थोड्या वेळापूर्वी अर्जुनाने दाखवलेली प्रत्येक करामत त्याने तितक्याच सफाईने करून दाखवली होती. साऱ्या नगराने ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी एका प्रश्नापुढे तो गप्प झाला, कारण तो प्रश्न धनुर्विद्येचा नव्हता. तेवढ्यात दुर्योधन पुढे आला. राजाशीच लढायचं असेल तर हा घ्या राजा, असं म्हणून त्याने तिथल्या तिथे कर्णाला अंगदेशाचा अभिषेक करवला. याच्या बदल्यात तुला काय देऊ, असं कर्णाने विचारलं. दुर्योधनाने फक्त मैत्री मागितली.

हा प्रसंग माहीत नसलेला मराठी वाचक सापडणं कठीण. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने 1919 साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पुरी झाली आणि पुढच्याच वर्षी, 1967 मध्ये, मराठीत कर्णाला दोन अगदी वेगळे वाचक भेटले. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही दोन्ही पुस्तकं त्या वर्षीची. मग 1973 मध्ये रणजित देसाईंची ‘राधेय’ आली. इरावतीबाईंनी कर्णावरच्या प्रकरणाला ‘मी कोण?’ असं नाव दिलं आणि त्याच्याकडे कोरड्या, न्याय्य नजरेने पाहिलं. सावंतांनी त्याला स्वतःच्या तोंडून बोलू दिलं. ‘मृत्युंजय’ गावोगावच्या ग्रंथालयांतून पानं सुटेपर्यंत वाचली गेली. अंगात गुण आहे पण कोणी विचारत नाही, अशी सल बाळगणाऱ्या कितीतरी तरुणांना त्या पुस्तकात आपला माणूस भेटला. कर्णाच्या खांद्यावर दुर्योधनाचा हात पडला, तेव्हा तो वाचणाऱ्याच्या खांद्यावरही पडला.

कथा-कादंबऱ्या माणसाला स्वतःची किंमत ओळखायला शिकवतात त्या बहुधा याच वाटेने. तू मोलाचा आहेस, असं पुस्तकाने नुसतं सांगून कोणाला पटत नाही. कुणीतरी कुणाला तरी मोलाचं मानलं, हे आपण पाहतो आणि त्यातलं थोडं आपल्याकडे येतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी 1902 साली मांडलं होतं की, आपली स्वतःबद्दलची कल्पना आपण इतरांच्या नजरेत काय दिसतो, याच्या आपल्या अंदाजातून घडत जाते. कूलींनी त्यासाठी आरशाचा दाखला दिला होता. हे मला मान्य आहे. पण साहित्य इथे थांबत नाही. कोणाच्या नजरेत आपण मोठे ठरलो आणि त्या नजरेला आपल्याकडून काय हवं होतं, हेही ते विचारतं. कर्णाच्या बाबतीत हा प्रश्न आपण मराठी वाचकांनी पुरेसा विचारलेला नाही, असं माझं मत आहे.

आदिपर्वात त्या प्रसंगाच्या अखेरीस एक लहानशी नोंद आहे. सूर्य मावळला, दिवट्या पेटल्या आणि दुर्योधन कर्णाचा हात धरून रंगभूमीवरून निघून गेला. लगेच व्यास सांगतात की, कर्ण मिळाल्यामुळे दुर्योधनाच्या मनातली अर्जुनाची भीती नाहीशी झाली. मैत्री खरी होती यात मला शंका नाही. ती पुढे शेवटपर्यंत टिकली. पण तिच्या मुळाशी एक गरज होती, आणि ती गरज कर्णाची नव्हती. दुर्योधनाला कर्ण हवा होता तो अर्जुनाला तोड म्हणून. अभिषेकाच्या पाण्याबरोबर कर्णाच्या डोक्यावर एक काम येऊन पडलं आणि तो ते जन्मभर करत राहिला.

या कामाची किंमत द्यूतसभेत दिसते. द्रौपदीला भर सभेत ओढत आणलं गेलं, तेव्हा विकर्ण उठून तिच्या बाजूने बोलला. तो दुर्योधनाचा सख्खा भाऊ, आणि तरी त्याला बोलता आलं. त्याला गप्प करणारा कर्ण होता. द्रौपदीला वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रं काढून घ्यायला दुःशासनाला सांगणारा कर्णच होता. इथे बहुतेक वाचक तिने स्वयंवरात त्याचा अपमान केला होता, या समर्थनाकडे धावतात. सूतपुत्राला वरणार नाही, हे तिच्या तोंडचं वाक्य चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेत ठेवलेलं नाही. ते असतं तरी सभेतल्या शब्दांचा भार हलका झाला नसता. कर्णाने स्वतः तो हलका केलेला नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो, तेव्हा कर्ण कबूल करतो की, पांडवांना आपण जे कडू बोललो ते दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून बोललो, आणि त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो. कर्णाच्या आयुष्यातलं हे मला सर्वांत दुःखद वाक्य वाटतं. शाप, चाक, कवचकुंडलं, सगळं त्याच्यापुढे फिकं. ज्याने आपल्याला मोठं केलं त्याच्या मर्जीसाठी तो आपल्याहून लहान झाला, आणि हे त्याला कळत होतं.

आता 1847 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीकडे वळतो. शार्लट ब्राँटे यांनी ‘करर बेल’ या टोपणनावाने लिहिलेली ‘जेन एअर’. जेन अनाथ आहे. मामीच्या घरी ती उपरी, लोवुडच्या धर्मादाय शाळेत तर त्याहून खालची. शाळेचा कारभारी ब्रॉकलहर्स्ट या दहा वर्षांच्या मुलीला सगळ्या शाळेसमोर स्टुलावर उभं करतो आणि ही खोटारडी आहे, हिच्याशी कोणी बोलू नका, असं जाहीर करतो. हीसुद्धा एक रंगभूमीच. प्रेक्षक बसलेले, मध्यभागी एक माणूस आणि त्याच्या लायकीचा निवाडा चाललेला. हेलन बर्न्स नावाची तिच्याहून थोडी मोठी मुलगी काहीतरी निमित्त काढून तिच्या समोरून जाते आणि जाताना तिच्याकडे पाहून हसते. एवढंच. जेन त्या बळावर उभी राहते.

संध्याकाळी मिस टेंपल या मुख्य शिक्षिका दोघींना आपल्या खोलीत नेतात. तिथे जे घडतं ते कादंबरीच्या सुरुवातीच्या प्रकरणांतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं. मिस टेंपल जेनला म्हणत नाहीत की, तू चांगली मुलगी आहेस, मला माहीत आहे. त्या तिला विचारतात, खरं काय घडलं ते सांग. जेन तिखटमीठ न लावता सगळं सांगते. तिच्या हकिगतीत एका औषधवाल्याचं, लॉइड यांचं नाव येतं. मी त्यांना पत्र लिहीन, त्यांचं म्हणणं तुझ्याशी जुळलं तर सगळ्यांसमोर तुझ्यावरचा डाग पुसला जाईल, असं मिस टेंपल सांगतात. मग चहा येतो. पाव कमी पडतो, तेव्हा त्या खणातून स्वतःचा केक काढून मुलींना देतात. काही दिवसांनी उत्तर येतं आणि शाळा जमवून जेन निर्दोष असल्याचं जाहीर केलं जातं.

तीच सभा, तोच जाहीर मान. दुर्योधनाने कर्णाला जे दिलं तेच बाहेरून पाहता मिस टेंपलनी जेनला दिलं. तरी फरक जमीन-अस्मानाचा आहे. दुर्योधनाने कर्णाला काहीही न विचारता राज्य दिलं. मिस टेंपलनी राज्य दिलं नाही, त्यांच्याकडे ते नव्हतंच, पण त्यांनी तिचं म्हणणं ऐकलं, तपासलं आणि मग मान्य केलं. तपासून मान्य झालेल्या गोष्टीवर माणूस स्वतःही विश्वास ठेवू शकतो. जेनच्या खरेपणामुळे मिस टेंपलचा कोणताही शत्रू हरणार नव्हता. उलट संस्थेच्या कारभाऱ्याशी त्यांचं वैरच वाढण्याची शक्यता होती.

ब्राँटे यांना ही शाळा आतून माहीत होती. शार्लट आणि त्यांच्या तीन बहिणी कोवन ब्रिज इथल्या पाद्र्यांच्या मुलींसाठीच्या शाळेत होत्या. थोरल्या दोघी, मारिया आणि एलिझाबेथ, तिथून आजारी होऊन घरी आल्या आणि 1825 साली क्षयाने गेल्या. मारिया अकरा वर्षांची होती, एलिझाबेथ दहा. हेलन बर्न्स ही मारियावरूनच उभी केलेली आहे. हेलन जेनला एक गोष्ट सांगते की, माणसांच्या प्रेमाला तू फार महत्त्व देतेस. सारं जग विरोधात गेलं तरी तुझं मन तुला निर्दोष म्हणत असेल तर तू एकटी नाहीस. जेनला हे पटत नाही. कोणी प्रेम करावं म्हणून मी हात मोडून घेईन, असं काहीसं ती म्हणते. दहाव्या वर्षी तिचंच बरोबर आहे. त्या वयात आधी कुणीतरी आपलं म्हणावं लागतं, मगच मनाचा कौल ऐकू येतो.

तो कौल तिला ऐकू येतो तो अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, थॉर्नफील्डमध्ये. त्या घराचा मालक रॉचेस्टर तिच्यावर प्रेम करतो, तिला आपल्या बरोबरीची मानतो. असं मानणारा तिच्या आयुष्यातला तो पहिला पुरुष. लग्नाच्या वेदीपाशी कळतं की त्याची पहिली बायको जिवंत आहे, त्याच घरात कोंडलेली. तो जेनला विनवतो, माझ्याबरोबर फ्रान्सला चल. तुला ना आईबाप ना नातेवाईक, तू माझ्यासोबत राहिलीस तर कोणाला वाईट वाटणार आहे? हा कर्णाचाच पेच आहे. ज्याने मान दिला तोच आता काही मागतो आहे, आणि नकार दिला तर मान देणारं दुसरं कोणी उरत नाही. जेनचं उत्तर असं की, वाईट मला वाटेल. मी जितकी एकाकी, जितकी निराधार, तितका मी स्वतःचा मान राखीन. आणि ती पहाटे घर सोडून जाते. जवळ वीस शिलिंग. ते गाडीभाड्यात जातात, कपड्यांचं गाठोडं गाडीतच विसरतं, आणि पुढचे काही दिवस ती अक्षरशः भीक मागते. ब्राँटे यांनी तिच्या नकाराची किंमत कुठेही कमी करून दाखवलेली नाही.

दुसऱ्याने दिलेला मान खरोखर आपला झाला की नाही, याची मला दिसणारी कसोटी हीच. देणाऱ्याला नाही म्हणता आलं तर तो आपला.

इथे कर्णाचा चाहता मला अडवील आणि त्याचं अडवणं योग्य आहे. कर्ण नाही म्हणतोच की. कृष्ण त्याला साऱ्या पृथ्वीचं राज्य देऊ करतो, थोरला पांडव म्हणून युधिष्ठिर त्याच्यावर चवरी ढाळील म्हणतो, आणि कर्ण ते नाकारतो. नाकारताना तो आधी त्याला वाढवणाऱ्या राधेचं नाव घेतो. मला पाहताच तिला पान्हा फुटला, तिने माझी घाण काढली, अधिरथाने मला मुलगा मानून नाव ठेवलं, लग्नं करून दिली, त्यांना मी कसा सोडू? मग तो तेरा वर्षं दुर्योधनाच्या आश्रयाने राज्य भोगल्याचं सांगतो. दोन्ही कारणं एका दमात येतात, पण ती एका तोलाची नाहीत. राधेने त्याला उचललं तेव्हा तो कोणाचा मुलगा, पुढे धनुर्धर होणार की सारथी, हे तिला ठाऊक नव्हतं. रंगभूमीवर अभिषेक झाला आणि म्हातारा अधिरथ घामेजलेला, काठी टेकत आत आला, तेव्हा कर्णाने धनुष्य बाजूला ठेवून अभिषेकाने ओलं झालेलं मस्तक त्याच्या पायांवर ठेवलं. पांडवांना त्यावरून कळलं की हा सारथ्याचा मुलगा, आणि भीम म्हणाला, हातात चाबूक घे. असं होणार हे कर्णाला माहीत नसेल? तरी तो वाकला. साऱ्या महाभारतात कर्ण इतका स्वतःच्या बळावर उभा असलेला मला दुसरीकडे दिसत नाही. ते बळ राधा-अधिरथांचं होतं.

मग ते पुरलं का नाही? कारण घरचं प्रेम घरी पुरतं. कुळाचा प्रश्न चौकात विचारला जातो आणि त्याचं उत्तर चौकातच मिळावं लागतं. जन्मावरून माणूस मोजणाऱ्या समाजात आईने कितीही जीव लावला तरी बाहेर कोणीतरी उठून बोलावं लागतं. त्या दिवशी रंगभूमीवर भीष्म होते, द्रोण होते, विदुर होता. कुंती तर होतीच, तिला मूर्च्छा आली. युधिष्ठिराच्या मनात आलं की, पृथ्वीवर याच्यासारखा धनुर्धर नाही, आणि ते त्याच्या मनातच राहिलं. यांपैकी एकाने जरी मोठ्याने म्हटलं असतं की मुलगा उत्तम लढतो, त्याला लढू द्या, तर दुर्योधनाचा शब्द कर्णाच्या आयुष्यात एवढा मोठा झाला नसता. शूरांचं आणि नद्यांचं मूळ शोधू नये, असं दुर्योधन त्या दिवशी म्हणाला. ते खरंच होतं. खरी गोष्ट बोलणारा तो एकटाच होता, आणि तिथेच कर्णाचं पुढचं आयुष्य ठरून गेलं.

व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझराब्ल’मध्ये (1862) मान मिळाल्यावर माणूस लगेच बदलत नाही, हेही दिसतं. एकोणीस वर्षं सक्तमजुरी भोगून आलेला जाँ वालजाँ बिशपच्या घरातून चांदीची भांडी चोरतो. बिशप ती त्यालाच दिली होती असं पोलिसांना सांगतात आणि वर दोन मेणबत्तीदाण्याही देतात. त्यानंतर काही तासांतच वालजाँ एका लहान मुलाचं नाणं हिसकावतो. मगच तो कोसळून रडतो. बिशप त्याला पुन्हा भेटत नाहीत. त्यांना त्याच्याकडून सच्चेपणाखेरीज काहीच नको होतं, म्हणून पुढे ॲरासच्या न्यायालयात एका निरपराध माणसाला वाचवण्यासाठी तो आपण होऊन उभा राहतो, तेव्हा तो निर्णय पूर्णपणे त्याचा असतो.

आज गावात, शहरात, कॉलेजात गुणी पण कोणी न विचारलेल्या पोराच्या खांद्यावर पहिला हात कोणाचा पडतो, ते पाहावं. बऱ्याचदा तो अशा माणसाचा असतो ज्याला आपल्या बाजूने लढायला कोणीतरी हवं असतं. त्या पोराला कृतघ्न व्हायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. भीष्म-द्रोणांच्या रांगेत बसलेल्या शिक्षकांना, शेजाऱ्यांना, संपादकांना, आणि मीही त्यातच आलो, एवढंच सांगायचं आहे की, ज्याचा गुण दिसला त्याला तो चार माणसांत सांगा, आणि सांगण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्या. आणि घरात ‘मृत्युंजय’ची जुनी प्रत असेल तर या दिवाळीत ती जरूर पुन्हा वाचा. तिच्यासोबत उद्योगपर्वातला कृष्ण-कर्ण संवादही वाचा, आणि कर्णाच्या पश्चात्तापाच्या त्या ओळीपाशी थोडं थांबा.