परतीची शेळी

विदर्भातल्या सक्करदरा तलावाच्या काठी उभे आहात असं समजा. सोबत वाघ, शेळी आणि गवताचा भारा. पलीकडे जायचंय, पण नावेत तुमच्याशिवाय एकच जिन्नस मावतो. वाघाला जिन्नस म्हणायचं धाडस कोड्यातच करावं, विदर्भात नाही! तुमची पाठ वळली की वाघ शेळी खाणार, शेळी गवत.

अल्क्विन या इंग्रज विद्वानाच्या (मृत्यू 804) नावावर सांगितल्या जाणाऱ्या लॅटिन संग्रहात हेच कोडं लांडगा, शेळी आणि कोबी घेऊन भेटतं.

पहिल्यांदा शेळी पलीकडे, हे कुणालाही सुचतं. मग वाघ नेला की गाडं अडतं. नेलेलं परत आणणं म्हणजे तोटा, हा हिशेब डोक्यात इतका पक्का असतो की बहुतेक जण इथेच हात टेकतात. पण परतताना नाव रिकामी हवी, असं कोडं कुठे म्हणतं? ती अट आपणच घातलेली. वाघ उतरवा, शेळी परत आणा, तिला अलीकडे ठेवून गवत न्या, रिकामे या आणि शेळी घेऊन जा. जाऊन-येऊन सात फेऱ्या. वाघाआधी गवत नेलंत, तरी सातच.