मूर्तीवरचा विंचू

डोळे मिटायची गरज नाही. सावकाश वाचा, आणि जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबा.

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातलं गागोदे मनात आणा. विनायक भावे, म्हणजे पुढचे विनोबा, इथे १८९५ साली जन्मले. त्यांचे आजोबा पूजेला बसले आहेत. एवढ्यात मूर्तीवर विंचू दिसतो. ‘मारा, मारा’ असा एकच गलका होतो. आजोबा सगळ्यांना थांबवतात. तो देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही. गंध, फुलं, सगळं यथासांग होतं आणि काही वेळाने विंचू आपल्या वाटेने निघून जातो. ही आठवण विनोबांनीच सांगितली आहे.

आता त्या विंचवाकडे बघत राहा. त्याचं कूळ चाळीस कोटी वर्षांहून जुनं. कोकणातले कितीतरी देव ज्या काळ्या पाषाणातून घडले, तो पाषाण लाव्हारस थिजून झाला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. देवाच्या दगडापेक्षा विंचवाचं घराणं कितीतरी पुरातन आहे. हा काळ मनात मावत नाही. मावू नये; तसाच राहू द्या.

मग नांगीकडे या. ही कोणी दिली?

‘देवाने’ असं पटकन म्हणू नका. याच रायगड जिल्ह्यात लाल विंचवाच्या दंशाने मुलं दगावत. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर वापरलं, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. त्याआधी गेलेल्या मुलाच्या आईसमोर ‘देवाची योजना’ हे शब्द उच्चारता येतील का? मला येणार नाहीत.

उत्क्रांतीचं उत्तर कोरडं आहे. ज्या विंचवांच्या विषाने भक्ष्य लवकर लुळं पडलं, त्यांची पिल्लं जास्त जगली. माणूस त्या हिशेबात नव्हताच. तरी विष आपल्याला भिनतं, कारण मज्जातंतूंच्या आत सोडियम सोडणारी दारं किड्याची आणि आपली एकाच पूर्वजाकडून आलेली आहेत. नातं आहे म्हणून विष लागू पडतं. इथे जरा थांबा.

१८६० साली आसा ग्रे या श्रद्धाळू वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिताना डार्विनही याच जागी अडला होता. जिवंत अळीला आतून खात वाढणारे कीटक दयाळू देवाने मुद्दाम घडवले, हे त्याला पटेना. ग्रे यांनी मात्र देवही सोडला नाही आणि डार्विनची बाजूही.

रोह्यात जन्मलेल्या, स्वाध्याय चळवळ उभारणाऱ्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांना १९९७ साली धर्मविषयक कार्यासाठीचा टेम्पलटन पुरस्कार मिळाला. तोच २०१० साली मिळाला फ्रान्सिस्को अयाला या उत्क्रांतीच्या अभ्यासकाला. ते एकेकाळचे डॉमिनिकन संघाचे ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांचं म्हणणं असं, की निसर्गातल्या क्रौर्याचा आळ डार्विनने देवावरून उतरवला. युक्तिवाद देखणा आहे, पण मला पुरत नाही. नांगी देवाने घडवली नसेल, तरी ती घडू देणारा नियम कोणाचा, हा प्रश्न फक्त एक पायरी मागे सरकतो. तो तिथेच असू द्या. देव आत वसतो, असं शास्त्रीबुवा माणसांविषयी सांगत. विंचवाच्याही आत? विचारून बघा, उत्तराची घाई नको.

एक मोह तेवढा टाळा. मत्स्य, कूर्म, वराह अशी रांग लावून दशावतारात डार्विन शोधण्याची आपल्याकडे हौस आहे. उत्क्रांती ही शिडी नव्हे, फांद्या फुटत गेलेलं झाड आहे. आणि विष्णूला जीवशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज काय?

पुन्हा आजोबांकडे बघा. विंचवाला नांगी कोणी दिली, याचं स्पष्टीकरण त्यांनी दिलं नाही. त्यांनी फक्त एक जीव वाचवला. देवावरच्या श्रद्धेकडून मी एवढ्याचीच अपेक्षा ठेवतो. विंचवाचा इतिहास मी जीवाश्मांना विचारेन, त्याच्याशी कसं वागायचं ते गागोद्याला.

घरातल्या मुलांना आजोबांची गोष्ट सांगा, चाळीस कोटी वर्षांची गोष्टही सांगा. आणि विंचू चावलाच, तर मंत्र घालत बसू नका. आधी सरकारी दवाखाना गाठा.