धाकाची राखण

सज्जनहो, एक गोष्ट मनाशी धरून पाहा. दोन भाऊबंदांच्या शेतांमध्ये एक बांध आहे. थोरला धाकट्याला बजावतो, "बांधाला कुदळ लावलीस तर तुझे घर पेटवीन. आत लेकरे असली तरी पेटवीन." वीस वर्षे गेली. बांध जिथल्या तिथे राहिला, घरही पेटले नाही. आता सांगा, थोरल्याला निर्दोष म्हणायचे काय? हातून तर काहीच घडले नाही. पण वीस वर्षे तो रोज काडीपेटी उशाशी घेऊन निजला, त्याचे काय?

प्रश्न एका बांधाचा असता तर चावडीवर मिटला असता. पण जगातील मोठी राज्ये पाऊणशे वर्षे याच रीतीने आपली राखण करीत आली आहेत. अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. हे अस्त्र प्रथम तिनेच चालविले, आणि त्याच्या धाकाचा विचारही तिने वेळोवेळी उघड मांडला.

१९४५ च्या ऑगस्टात ६ तारखेला हिरोशिमावर आणि ९ तारखेला नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. लाखावर माणसे गेली. त्यांत बायका, पोरे, म्हातारी माणसे होती. पुढे १९४९ च्या ऑगस्टात सोव्हिएत रशियानेही बॉम्ब करून दाखविला. तेव्हापासून, शत्रूने हात उगारू नये म्हणून धाक घालणे, हेच या अस्त्राचे मुख्य काम ठरले.

पण धाक घालावा किती? १९५४ च्या जानेवारीत परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी जाहीर केले, की आगळीक कोठेही झाली तरी अमेरिका आपल्या पसंतीच्या जागी, आपल्या पसंतीच्या साधनांनी जबर तडाखा देईल. यामागे खर्चाचा विचारही होता. मोठी फौज कायम पोसण्यापेक्षा बॉम्बचा धाक अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारला स्वस्त वाटत होता. पुढे १९६० साली युद्धाचा जो आराखडा झाला, त्यात रशियाबरोबर चीनवरही मारा धरला होता. सेनापतींच्या बैठकीत डेव्हिड शूप नावाच्या सेनानीने विचारले, "चीन लढाईत नसला तर?" त्याला वगळून आराखडा चालविण्याची सोय नव्हती. ज्यांचे हे युद्धच नाही अशा कोट्यवधी लोकांना मारणारी योजना चांगली नव्हे, असे त्याने तोंडावर सांगितले. बघा, एका शिपाईगड्याला जे टोचले, ते कागदावर आकडे मांडणाऱ्यांना टोचले नव्हते.

केनेडी अध्यक्ष झाल्यावर धोरण बदलले. एकदम सर्वनाश नको, प्रसंग पाहून कमीजास्त उत्तर द्यावे, असे ठरले. १९६२ च्या जूनमध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा म्हणाले, की लष्करी ठाण्यांवर मारा करावा, शहरे वाचवावीत. ऐकायला बरे वाटते. पण थोड्याच वर्षांत त्यांचाच हिशेब उलट फिरला. रशियाची पाचवा ते चौथा हिस्सा प्रजा आणि अर्धे कारखाने नष्ट करण्याची ताकद आपल्यापाशी हमखास असली म्हणजे पुरे, असे माप त्यांनी धरले. १९६७ साली अमेरिकेपाशी ३१,२५५ अण्वस्त्रे होती. तिच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा साठा.

पुढे १९७४ साली आणि पुन्हा १९८० साली मर्यादित माऱ्याच्या योजना आल्या. १९८३ साली अध्यक्ष रेगन यांनी आकाशात ढाल उभारण्याची कल्पना मांडली. २०१० साली अण्वस्त्रांवरची भिस्त कमी करू असे ठरले, तर २०१८ साली कमी ताकदीची अस्त्रे हवीत असे ठरले. चक्र फिरतेच आहे.

हे चक्र का थांबत नाही? कारण या धाकात मुळातच पेच आहे. धाक फार मोठा केला तर तो खरा वाटत नाही. एवढ्यातेवढ्यासाठी कोण जग जाळील? म्हणून तो लहान, वापरण्याजोगा करावा, तर वापरण्याचा मोह होतो आणि आग लागणे सोपे होते. अहो, काडीपेटीचा आकार बदलून घर सुरक्षित होत नाही.

कोणी म्हणेल, "महाराज, धाकामुळेच तर तिसरे महायुद्ध टळले!" ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. धाकाचा वचक बसला असेलही. पण १९६२ च्या ऑक्टोबरात क्युबाच्या पेचात जग विनाशाच्या कडेला आले, ते याच धाकाच्या खेळात. आणि त्यातून बाहेर पडले, ते दोघांनीही एकेक पाऊल मागे घेतले म्हणून.

दुसरा म्हणेल, "नुसते बोलण्याने पाप कसे लागेल?" पण हे नुसते बोलणे नव्हे. धमकी खरी वाटावी म्हणून हुकूम तयार ठेवावे लागतात, तरुण मुलांना त्यांची सवय लावावी लागते. निरपराधाला मारण्याची तयारी मनाने रोज करावी लागते. कृती घडो न घडो, मन त्या वळणाला लागतेच.

मग धाक टाकून द्यावा काय? एकाने टाकला आणि दुसऱ्याने नाही, तर दुबळ्याचे काय, हाही खराच प्रश्न आहे. १९८३ साली अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी यावर पत्रक काढले. निःशस्त्रीकरणाकडे वाटचाल चालू असेल तरच हा धाक तूर्त सोसता येईल, अशी अट त्यांनी घातली. मला हा निवाडा रास्त वाटतो. धाक फार तर सवड देतो. त्या सवडीत काय केले, यावरून माणसाची परीक्षा.

सवड कधी सत्कारणी लागलीही. क्युबाच्या पेचानंतर १९६३ साली दोन्ही राजधान्यांत थेट संदेशाची सोय झाली आणि हवेतील चाचण्या बंद करण्याचा करार झाला. १९८७ च्या कराराने २,६९२ क्षेपणास्त्रे मोडली गेली. तोच करार २०१९ साली संपुष्टात आला. २०२३ च्या सप्टेंबरात अमेरिकेपाशी ३,७४८ अस्त्रे उरली होती. १९६७ च्या मानाने पुष्कळच कमी, पण घरे जाळायला पुरून उरतील इतकी.

आणि हे परक्याचे गाऱ्हाणे नव्हे. आपल्या देशाने १९९८ साली पोखरणला चाचण्या केल्या. २००३ साली, आम्ही प्रथम वापर करणार नाही, असे जाहीर केले. पण आमच्यावर वापर झाला तर उत्तर प्रचंड असेल, असेही त्यातच आहे. म्हणजे काडीपेटी आपल्याही उशाशी आहे.

तात्पर्य, त्या थोरल्याला मी एवढेच विचारीन: बाबा, वीस वर्षांत बांध मोजायला धाकट्याला किती वेळा बोलावलेस? बोलावले असेल, तर तुझ्या काडीपेटीला काही निमित्त तरी आहे. नसेल, तर घर पेटले नाही हा तुझा पुण्याईचा भाग नव्हे. ते धाकट्याच्या लेकरांचे नशीब.