कला कोणाची?

अमेरिकेच्या दक्षिण भागी विल्मिंग्टन नगरात १८५९ ते १८६१ या काळात बेलामी नामक धनिकाचा वाडा बांधिला गेला. त्यातील गिलाव्याची सुबक नक्षी करणाऱ्यांत विल्यम गूल्ड हा दास होता. त्याच्या श्रमाचे मोल त्याचा धनी घेई. मग ती कला कोणाची? दासांस अक्षरे शिकविणे तेथे गुन्हा असताही त्याने नक्षीच्या आतील बाजूस आपली आद्याक्षरे कोरून ठेविली.

कोणी म्हणेल, दासाचे उत्तम काम हे भयाचेच फळ. परंतु १८६२ साली तो नावेतून निसटला व स्वतंत्र झाला. पुढे डेडम गावच्या मंदिरात त्याच्या कामगाराने गिलावा बिघडविला, तेव्हा दिवाळे निघण्याची वेळ आली तरी त्याने तो सर्व काढून पुन्हा केला. तेथे कोणता धनी उभा होता? वाचकहो, हात विकत घेता येतात, सचोटी नव्हे.