मोजून घ्या!

आमच्या बँकेत कॅशच्या खिडकीवर एक पाटी आहे : 'काउंटर सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी.' लोक माझ्या डोळ्यांदेखत, बोटाला थुंकी लावून नोटा मोजतात, आणि देवाशपथ सांगतो, मला त्यात कधी अपमान वाटला नाही. उलट न मोजता जाणाऱ्याचीच मला धास्ती. तो दुपारी परत येतो.

हेच गिऱ्हाईक दवाखान्यात गेलं की मुकं होतं. मीही त्यातलाच. डॉक्टरांनी गोळी लिहिली की मान डोलवायची, आणि ती कशाची ते बाहेर येऊन केमिस्टला विचारायचं! विचारणं म्हणजे संशय आणि संशय म्हणजे पाप, असे आपले संस्कार. पण विचारणं हा खरोखरच अविश्वास असतो का?

हा तात्त्विक प्रश्न मला पडला तो आईच्या पायांमुळे. तिचे पाय सुजत होते. "पाय जड झालेत रे," ती म्हणे. "वय झालं, आई," मी म्हणे. एवढं निदान करायला बी. कॉम. पुरतं. एका रविवारी सहज तिच्या गोळ्यांची खतावणी मांडली. एक पट्टी नेहमीच्या डॉक्टरांची, दुसरी हृदयाच्या डॉक्टरांची. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. पण मागची मुंगीएवढी अक्षरं भिंगातून वाचली, तर दोन्हींत अ‍ॅम्लोडिपिन! एकच रक्कम दोनदा नावे पडली होती. मोबाइलवर शोधलं, तर रक्तदाबाच्या या औषधानं घोट्यांना सूज येऊ शकते, आणि डोस वाढला की ती शक्यताही वाढते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पट्ट्या घेऊन डॉक्टरांसमोर उभा राहिलो. कर्ज मागायला आलेल्या माणसाचा चेहरा मी रोज बघतो, तोच त्या दिवशी माझा झाला होता. डॉक्टरांनी पट्ट्या पाहिल्या, आईचं ब्लडप्रेशर घेतलं आणि एक गोळी बंद केली. "विचारलंत ते बरं केलंत," एवढंच म्हणाले. थोड्याच दिवसांत सूज उतरली.

इथून मी बिघडलो. एका रात्री डोकं दुखलं म्हणून मोबाइल उघडला. साडेअकरापर्यंत मला मेंदूत गाठ झाली होती आणि बारा वाजता मी विम्याची कागदपत्रं काढून बसलो होतो. "चष्म्याचा नंबर बदललाय, झोपा," असं बायकोनं निदान केलं. ते फुकट होतं, आणि दुर्दैवानं अचूकही.

मग माहिती हे औषध की आजार? अमेरिकेत डेव्ह डीब्रॉन्कार्ट नावाचे गृहस्थ आहेत. २००७ साली त्यांना मूत्रपिंडाचा, शरीरात पसरलेला कर्करोग निघाला. त्यांच्या डॉक्टरांनीच त्यांना इंटरनेटवरच्या कर्करोग्यांच्या मंडळाचा पत्ता दिला. इंटरल्यूकिनच्या उपचारात काय काय सोसावं लागतं, हे त्यांना तिथं आधी सोसलेल्यांनी सांगितलं. गृहस्थ बरे झाले. पुढे २००९ साली त्यांनी इस्पितळातली आपली माहिती गूगलच्या तेव्हाच्या आरोग्य-खात्यात वळती करून घेतली, तर तिच्यात न झालेले आजार जमा! कारण काय, तर ती बिलांच्या सांकेतिक क्रमांकांवरून उतरवली होती. पासबुक भरून घेतल्याशिवाय चूक सापडत नाही, हे मी गेली वीस वर्षं सांगतोय.

आपल्याकडेही रुग्णानं मागितल्यास त्याचे कागद ७२ तासांत द्यावेत, असं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत लिहिलं आहे. मागतो कोण?

म्हणून मी माझ्यापुरता नियम केला. खातेदारानं पासबुक जरूर तपासावं, चूक दिसली तर खिडकीशी यावं. पण आत येऊन, माझं पेन घेऊन स्वतःच नोंद करू नये. गोळीबद्दल विचारावं. ती मनानं बंद करू नये. आणि मागं रांग आहे याचंही भान ठेवावं.

हा सिद्धांत मी मोठ्या ऐटीत आईला ऐकवला. माझ्या दक्षतेनं तिचे पाय वाचले, हेही दोनदा सांगितलं. ती शेंगा सोलत होती.

"ती नवी गोळी सुरू झाल्यापासून पाय जड झालेत, असं मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं."

"मला?"

"तुला. तू म्हणालास, वय झालं."

मी गप्प. डॉक्टरांनी माझं ऐकावं म्हणून एवढा आटापिटा केला, आणि जिचे पाय तिचं मी तरी कुठं ऐकलं होतं? खातं तिचं, आणि खिडकीशी भांडतोय मी!

"ती तुझी फाइल आण इकडे," आई हात पुसत म्हणाली. "आणि भिंगही."