कुणाच्याच घरचं नसलेलं जेवण

गेल्या रविवारी सकाळी साडेसात वाजता देवपुरातल्या आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये, कडुलिंबाच्या सावलीत, दोन टेबलं जोडून त्यावर पांढरी चादर अंथरली होती. चादरीवर काकडीची सँडविचेस, ब्रुशेटा, टूथपिकला टोचलेलं टरबूज आणि पनीर. कॉलनीचं पॉटलक होतं आणि थीम होती 'युरोपियन फिंगर फूड'. थीम माझीच होती.

धुळ्यात, मे महिन्यात, युरोपियन नाश्ता. हसू येणं साहजिक आहे. आमच्या ग्रुपवरही आधी हसण्याच्या इमोजींची रांग लागली. एका काकांनी विचारलं, "फिंगर फूड म्हणजे काय रे? आपण काय आजवर पायानं खात होतो?" मुद्दा बरोबर होता. युरोपात काट्या-चमच्यानं खाणं हा शिरस्ता, म्हणून हातानं उचलून खायच्या पदार्थांना वेगळं नाव द्यावं लागलं. आपलं अख्खं ताटच फिंगर फूड.

पण मी तयारीनिशी उतरलो होतो. मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम सध्या घरून करतो, आणि कुठलीही गोष्ट नियमांत बसवायची सवय आता हाडात गेली आहे. ग्रुपवर नियम टाकले. पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात, म्हणून नासणारं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. हवा बत्तीस अंशांच्या वर गेली की तीच मुदत एका तासावर येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, तेव्हा साडेसातला मांडायचं आणि साडेआठला आवरायचं. मेयोनीज नाही, क्रीम नाही, अंडं नाही.

पदार्थही सोपे निवडले. इंग्रजी पद्धतीचं काकडीचं सँडविच: काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवायच्या, पिळून पाणी काढायचं, ब्रेडला कडेपर्यंत लोणी लावायचं म्हणजे ओल आत शिरत नाही, आणि वरून ओलं मलमलचं फडकं. इटलीचा ब्रुशेटा: भाजलेल्या पावावर लसूण घासायची आणि टोमॅटो वेगळ्या डब्यात न्यायचा. आधीच घातला तर पावाचा लगदा होतो. ग्रीक लोक टरबुजासोबत फेटा चीज खातात, आम्ही पनीर घेतलं. त्यांचंच त्झात्झिकी म्हणजे चक्का, किसून पिळलेली काकडी, लसूण आणि ऑलिव्हचं तेल, सोबत गाजराचे तुकडे. माझ्या आजीनं पाहिलं असतं तर ती म्हणाली असती, ही तर कोशिंबीर.

सव्वाआठपर्यंत टेबल रिकामं झालं. लोक खूश होते. मी सर्वांत जास्त खूश होतो, कारण ही थीम मी उन्हासाठी निवडलेलीच नव्हती. ऊन हे मी ग्रुपवर सांगितलेलं कारण होतं. खरं कारण गेल्या वर्षीचं होतं.

गेल्या वर्षी १ मेला, महाराष्ट्र दिनाचं पॉटलक होतं. थीम 'आपापल्या घरची खासियत'. कुणी दहीवडे आणले, कुणी बिबडे तळून आणले, कुणी आमरस. कोपऱ्यातल्या घरातल्या मॅडमनी कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला होता. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. तीन वर्षांपूर्वी त्यांनी इथं घर घेतलं. कॉलनीतल्या बाकी सगळ्या बायका एकमेकींना काकू, ताई, वहिनी म्हणतात. यांना सगळे मॅडम म्हणतात. तेव्हा मला तो आदर वाटायचा.

त्यांचा डबा उघडा होता आणि तो तसाच राहिला. कुणी काही बोललं नाही. अशा वेळी कुणीच काही बोलत नाही, हेच त्यातलं कौशल्य असतं. लोक त्या डब्यापर्यंत येत, आमरसाची चौकशी करत आणि पुढे सरकत. मीही ताट घेऊन तिथं उभा होतो. बाकी कुणी घेत नाहीये हे मला दिसलं आणि मीही पुढे सरकलो. पोट भरलं होतं असं म्हणता आलं असतं, पण त्यानंतर मी दोन दहीवडे खाल्ले. घरी येताना मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "उन्हाचं काही खरं नसतं रे, उतरलं असेल एखादं."

ऊन सगळ्याच डब्यांवर सारखं पडत होतं. उतरायचेच असते तर आधी दहीवडे उतरले असते. कळण्याची भाकरी आणि ठेचा हे खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या फडक्यात बांधून शेतावर जात आलंय आणि भर दुपारी बांधावर बसून खाल्लं गेलंय. उन्हात टिकणारा याहून चांगला पदार्थ त्या दिवशी त्या टेबलावर नव्हता. मॅडमचं आडनाव काय, हे मी इथं लिहीत नाही. तुम्ही ते मनात केव्हाच भरलं असेल. आपण सगळेच ते फार पटकन भरतो.

म्हणून या वर्षी मी उपाय काढला. घरची खासियत आली की घर येतं, घर आलं की आडनाव येतं. तेव्हा अशी थीम द्यायची की कुणाचंच घर टेबलावर येणार नाही. परदेशी, सगळ्यांना सारखंच अनोळखी. डब्यावर नाव नाही, सगळं एकाच आकाराच्या ट्रेमध्ये. पाश्चात्त्य देशांतल्या अनेक ऑर्केस्ट्रांमध्ये वादकांची निवड करताना मध्ये पडदा लावतात, परीक्षकांना फक्त सूर ऐकू यावा, माणूस दिसू नये म्हणून. मी तोच पडदा लावला. आणि तो चालला. मॅडमची सँडविचेस सर्वांत आधी संपली.

आवरताना चादरीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. घडी घालता घालता मी म्हणालो, "मॅडम, तुमची सँडविचेस पहिल्यांदा संपली." त्या हसल्या. म्हणाल्या, "संपली बेटा. पण त्यात माझं काय होतं? ब्रेड बेकरीचा, लोणी डेअरीचं, काकडी बाजारातली. भाकरी माझी होती."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. मुलांची वही तपासून परत द्यावी तसं त्यांनी ते म्हटलं आणि चादर माझ्या हातात दिली.

तेव्हापासून मी या एका वाक्याभोवती फिरतोय. मी नेमकं काय सोडवलं होतं? प्रोग्रॅमिंगमध्ये दोष दुरुस्त करणं वेगळं आणि दोष जिथं उघडा पडतो ती वाट बंद करणं वेगळं. दुसऱ्याला आम्ही वर्कअराउंड म्हणतो. तक्रारी थांबतात, दोष जागेवरच राहतो. मी लोकांच्या मनातली शिवाशिव काढली नव्हती. शिवाशिवीला हात लावायची गरजच पडणार नाही असा मेनू काढला होता.

यातली गंमत १८९० सालाशी ताडून पाहिली की कळते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली नामांकित मंडळी एका कार्यक्रमाला जमली होती. टिळक होते, रानडे होते. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतली, कुणी नुसता मान राखला. नंतर गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं टिळकांनी मांडलं, तर १८९२ मध्ये रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. एका बिस्किटापायी.

तेव्हा युरोपियन खाणं हाच विटाळ होता. आज आमच्या कॉलनीत तेच सर्वांत सोवळं ठरलं. ते मुंबई-पुण्याहून आलेलं, मोबाइलवर पाहिलेलं, कुणाच्याच चुलीचा वास नसलेलं. विटाळाची जागा बदलली, पण विटाळ मानायची सवय शाबूत राहिली. म्हणजे प्रश्न बिस्किटाचा तेव्हाही नव्हता आणि भाकरीचा आताही नाही.

धुळ्याजवळ लळिंगच्या डोंगरात लांडोर बंगला आहे. १९३७ साली बाबासाहेब आंबेडकर तिथं मुक्कामाला होते, आणि त्या आठवणीसाठी दर ३१ जुलैला तिथं माणसांची रीघ लागते. शाळेत असताना मी तिथं सहलीला गेलोय, धबधबा पाहायला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ साली, त्यांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं होतं. आयोजकांना ते झेपलं नाही, सभा रद्द झाली, आणि त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात त्यांचं म्हणणं आहे की सहभोजनानं जातीची भावना मेलेली नाही. एकत्र जेवून उठलेली माणसं आपापल्या जातीत परत जातात. नाती जुळल्याशिवाय आणि मुळातली श्रद्धा हलल्याशिवाय ती भिंत पडत नाही. माझ्या पॉटलकनं तर सहभोजनाचीही पायरी गाठली नव्हती. एकमेकांच्या घरचं आम्ही कुठे खाल्लं? आम्ही एकाच बेकरीचं खाल्लं.

मग हा सगळा खटाटोप फुकट का? मला तसंही वाटत नाही. त्या तासाभरात मॅडमचा मुलगा शेजारच्या मुलांबरोबर टरबुजाच्या टूथपिकांवरून भांडत होता. ज्या काकू गेल्या वर्षी डबा टाळून गेल्या, त्यांनी या वर्षी मॅडमना काकडीचं पाणी कसं काढलं ते विचारलं. वर्षभर डबा भरलेला परत नेण्यापेक्षा हे बरंच आहे. अपमान टळणं ही लहान गोष्ट नाही, आणि ती लहान आहे असं ज्याचा डबा कधी परत गेला नाही त्यानं म्हणू नये.

पण ऑर्केस्ट्राचा तो पडदा निवडीपुरता असतो. निवड झाली की वादक सगळ्यांच्या समोर येऊन बसतो, स्वतःच्या नावानं आणि चेहऱ्यानं. मी पडदा लावला आणि तो कायमचाच ठेवायच्या बेतात होतो, कारण पडद्यामुळे सर्वांत जास्त सोय माझी होत होती. मला कुणाशी भांडावं लागत नव्हतं. आईला काही विचारावं लागत नव्हतं. गेल्या वर्षी त्या डब्यापुढे मी स्वतः काय केलं, हे आठवावं लागत नव्हतं. कुणाला मान द्यायचा असेल तर त्याला स्वतःसारखं येऊ द्यावं लागतं. 'तू आमच्यासारखा ये, किंवा कुणासारखाच नको येऊस, मग आम्ही खाऊ', ही अट कितीही गोड पदार्थात घातली तरी अटच असते.

आणि यात एक चूक अजून आहे, ती मला फार उशिरा दिसली. थीम बदलून मी मॅडमना स्वयंपाक बदलायला लावला. बदलायची गरज होती ती खाणाऱ्यांना.

मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दारातच सांगितलं की गेल्या वर्षी मीही भाकरी घेतली नव्हती. त्या म्हणाल्या, "माहीत आहे, मी पाहत होते." मी म्हणालो, "काकू, आता खायला येऊ का?" काकू हा शब्द तोंडून पहिल्यांदाच निघत होता आणि मला तो जरा ओढूनताणून आणल्यासारखा वाटला. त्यांनी तो तसाच चालवून घेतला. म्हणाल्या, "रविवारी ये. आईलाही घेऊन ये."

घरी आलो तेव्हा आई ओट्याशी गवार मोडत होती. मी निरोप सांगितला. तिच्या हातातली गवार थांबली, परत सुरू झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "ऊन फार आहे रे सध्या."

मी म्हणालो, "रात्री आठला बोलावलंय."