दोन डगरींवर पाय

आमच्या कोल्हारात पळणाऱ्या पोरांची वानवा नाही. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ, म्हणून पोरं पहाटे पाटाच्या कडेनं पळतात. अडचण आहे ती घड्याळाची. सायन्सचं प्रॅक्टिकल संपत नाही तोच सरावाची वेळ होते, आणि सराव उरकेस्तोवर गावाकडची एस.टी. निघून गेलेली असते.

भावकीतली एक पोरगी बी.एस्सी.ला गेली. पायात चांगला वेग. कॉलेजात तिला सांगितलं, "बाई, पळायचं असंल तर आर्ट्स घे. तिथं हजेरीचं बघून घेऊ." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. तिला मात्र केमिस्ट्री आवडायची. शेवटी तिनं आर्ट्स घेतलं. वेळापत्रकानं ठरवलेल्या विषयाला आपण तिची निवड म्हणायचं का?

दुसरी बाजूही खरी आहे. त्याच वर्गातलं एखादं पोरगं पहाटे गाईंच्या धारा काढून, डेअरीत दूध घालून येतं. त्याचाही पहिला तास बुडतो. पण त्याच्या गळ्यात मेडल नाही, म्हणून त्याला सवलत नाही. मग खेळाडूचंच कौतुक का?

मला वाटतं, घोळ 'सवलत' या शब्दातच आहे. हजेरी लावली, वाढीव गुण दिले, की कॉलेज मोकळं. बुडालेला धडा बुडालेलाच राहतो. त्यात देणाऱ्याचं काहीच जात नाही.

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. ते कोल्हापूरच्या ज्या राजाराम कॉलेजात शिकले, तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या मदतीची किंमत देणाऱ्यानं सोसली होती.

आज कुणी घर गहाण टाकावं असं नाही. बुडालेलं प्रॅक्टिकल रविवारी पुन्हा घ्यावं, धावणारीचंही आणि धारा काढणाऱ्याचंही. त्यात सरांचा रविवार जाईल, प्रयोगशाळेतल्या मामांना जादा पगार द्यावा लागेल. पण मग दोघांनाही शिकायला मिळेल.

दोन डगरींवर पाय ठेवू नये, असं आपण पोरांना सांगतो. पण प्रवरेच्या दोन डगरी जोडायला आपणच पूल बांधला ना? तो काही पोहणाऱ्यानं एकट्यानं बांधला नव्हता.